ऐतिहासिक ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या: नव्या वाचकाने सुरुवात कुठून आणि कशी करावी

ऐतिहासिक ख्रिस्ती प्रेमकादंबरी पहिल्यांदाच हातात घेणारा वाचक ती अर्ध्यावर सोडतो, ती बहुधा दोन कारणांनी. शंभर पानं झाली तरी नायक-नायिका एकमेकांना नावाने हाक मारायला बिचकतात, हे एक. आणि गोष्ट जरा रंगात येते न येते तोच कुणीतरी डोळे मिटून प्रार्थनेला बसतं, हे दुसरं. मला या कादंबऱ्या मनापासून आवडतात आणि त्या आवडतात नेमक्या याच दोन गोष्टींमुळे. यांत प्रेमाची गोष्ट आणि श्रद्धेची गोष्ट वेगवेगळ्या चालत नाहीत. प्रार्थनेची पानं गाळून वाचाल, तर ती दोघं शेवटी एकत्र का आली हेच कळणार नाही. म्हणून या पुस्तकांकडे जाताना थोडी तयारी करून जावं.

पहिली पायरी: मुखपृष्ठावरचे शब्द

'क्लीन' असं लिहिलेलं असेल तर त्यातून फक्त पुस्तकात काय नाही ते कळतं. शयनगृहातली उघड वर्णनं नाहीत, शिवीगाळ नाही, रक्तपाताचं चवीने केलेलं वर्णन नाही. त्यात देवाधर्माचा विषय असेलच असं नाही. इंग्लंडमधल्या रीजन्सी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळावरच्या कितीतरी क्लीन कादंबऱ्यांत चर्च येतं ते रविवारी नवे कपडे घालून जाण्यापुरतं. 'इन्स्पिरेशनल' किंवा 'ख्रिश्चन फिक्शन' असं लिहिलेलं असेल, तर मात्र पात्रांचा देवाशी चाललेला झगडा कथेच्या गाभ्यात असतो. बेथनी हाउस, रेव्हेल, टिंडेल हाउस, थॉमस नेल्सन, बार्बर ही या क्षेत्रातली जुनी अमेरिकन प्रकाशनं. त्यांच्या पुस्तकांवर 'क्लीन' असं छापलेलं नसलं तरी ती तशीच असतात, असं धरून चालायला हरकत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. लिखाण संयमी आहे म्हणून पात्रांच्या वाट्याला आलेलं आयुष्य सौम्य असेल असं नाही. फ्रान्सिन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह' ही या प्रकारातली बहुधा सर्वांत गाजलेली कादंबरी. ती १९९१ मध्ये आली आणि १९९७ मध्ये ख्रिस्ती प्रकाशनाकडून सुधारित स्वरूपात पुन्हा निघाली. सोन्याच्या शोधाने पछाडलेल्या १८५० च्या कॅलिफोर्नियात ती घडते. तिची नायिका लहानपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली आहे. पुस्तक ताकदीचं आहे, पण अंगावर येणारं आहे. कुणी कितीही आग्रह केला तरी पहिलं पुस्तक म्हणून ते घेऊ नका. चौथं-पाचवं म्हणून घ्या.

आमिश, म्हणजे आधुनिक सोयींपासून दूर राहणाऱ्या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या समाजावरच्या कादंबऱ्या दुकानात याच फळीवर दिसतात. घोडागाड्या आणि टोप्या पाहून त्या जुन्या काळातल्या वाटतात, पण बहुतेक आजच्या काळातल्याच असतात. इतिहास हवा असेल तर मलपृष्ठावर साल शोधा.

दुसरी पायरी: काळ आणि प्रदेश ठरवा

लेखक कोण हे नंतर बघू. आधी कुठल्या काळात राहायला आवडेल ते ठरवा, कारण प्रत्येक काळाने या कादंबऱ्यांना आपापली अडचण पुरवली आहे. त्या अडचणीमागचा कायदा किंवा रीत माहीत असली की कथानक ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही.

सर्वांत मोठा साठा अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वसाहतींचा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एकवीस वर्षांवरच्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळू लागली. अट अशी, की तिथे पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं आणि जमीन कसायची. अविवाहित किंवा विधवा स्त्रीलाही असा दावा करता येत होता. म्हणूनच या कादंबऱ्यांत ओसाड माळावर एकटीने झोपडी बांधून राहणारी, शेजारच्या घोडेवाल्याची मदत नाकारणारी नायिका वारंवार भेटते. ती लेखिकेच्या मनातून उगवलेली नाही, अशा बायका खरोखरच होत्या. दुसरं म्हणजे वसाहती विखुरलेल्या होत्या आणि पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घोड्यावरून गावोगाव फिरायचे. पाळक एकदा पुढे गेला की पुन्हा कधी येईल याची शाश्वती नसे. त्यामुळे लग्नाचा निर्णय एका दिवसात घ्यावा लागणं हे तिथे शक्य कोटीतलं होतं. लग्न आधी आणि प्रेम नंतर, हा या प्रकारातला सर्वांत लाडका साचा इथूनच आला. पत्रव्यवहाराने ठरलेल्या आणि आगगाडीतून उतरून नवऱ्याला पहिल्यांदा बघणाऱ्या मेल-ऑर्डर नववधूंच्या गोष्टी याच साच्याच्या.

दुसरा मोठा भाग इंग्लंडमधल्या रीजन्सीचा. काटेकोर बोलायचं तर हा काळ १८११ ते १८२०, कारण तेव्हा राजपुत्र राजाच्या वतीने कारभार पाहत होता. इथे माळरान नाही, दिवाणखाने आहेत आणि अडचण आहे वारसाहक्काची आणि बदनामीची. १७५३ च्या विवाह कायद्यानुसार लग्नाची घोषणा चर्चमध्ये तीन रविवार करावी लागे, नाहीतर परवाना घ्यावा लागे. परवान्याने लग्न करायचं आणि वय एकवीसच्या आत असेल तर आईवडिलांची संमतीही लागे. स्कॉटलंडमध्ये हा कायदा नव्हता. म्हणून पळून जाणारी जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीन गावी जातात. एखाद्या पात्राने नुसतं त्या गावाचं नाव घेतलं तरी खोलीत शांतता का पसरते, हे आता लक्षात येईल. ज्यूली क्लासेन या काळावर लिहितात. त्यांची 'द अपॉथेकरीज डॉटर' (२००९) औषधविक्रेत्याच्या मुलीची गोष्ट सांगते. मेजवान्यांपेक्षा कामधंद्याचं जग बघायचं असेल त्याने ती घ्यावी.

अमेरिकन यादवी युद्ध (१८६१ ते १८६५), दुसरं महायुद्ध, वसाहतकाळातलं व्हर्जिनिया हे बाकीचे प्रदेश. त्यांतलं महायुद्ध नव्या वाचकाला सोपं जातं. काळ जवळचा असतो आणि भाषा आजचीच असते. सेरा संडिन यांच्या 'अ डिस्टंट मेलडी' (२०१०) मध्ये बी-१७ या बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक आणि एक तरुणी यांचं नातं बरंचसं पत्रांतून वाढतं. पत्रं हा इथे श्रद्धेबद्दल बोलायचा फार चांगला मार्ग ठरतो, कारण समोरासमोर जे सांगायला माणूस लाजतो ते कागदावर सहज उतरतं.

तिसरी पायरी: पहिलं पुस्तक

माझी शिफारस जॅनेट ओक यांच्या 'लव्ह कम्स सॉफ्टली' (१९७९) ची. या कॅनेडियन लेखिकेच्या या छोट्या पुस्तकाने आजच्या ख्रिस्ती प्रेमकादंबरीची वाट पाडली असं मानलं जातं. पश्चिमेकडे निघालेल्या तांड्यात मार्टीचा नवरा अपघातात जातो. त्याला पुरलं त्याच दिवशी क्लार्क डेव्हिस नावाचा अनोळखी विधुर तिच्यापुढे लग्नाचा प्रस्ताव ठेवतो. त्याला त्याच्या लहानग्या मिसीसाठी आई हवी आहे. मार्टीला डोक्यावर छप्पर हवं आहे. वसंतात परत जाणारा तांडा आला की तुझ्या प्रवासाचे पैसे मी देईन, असंही तो सांगतो. तो झोपतो घराला लागून असलेल्या पडवीत.

आता बारकाईने बघण्यासारखा भाग. मार्टीला स्वयंपाक येत नाही. तिला जमतात ते पॅनकेक आणि तेच ती जेवणामागून जेवणाला वाढत राहते. क्लार्क ते मुकाट्याने खातो. रोज सकाळी न्याहारीच्या वेळी तो बायबल उघडून काही ओळी वाचतो आणि देवाशी मोठ्याने बोलतो, घरातल्याच कुणाशी बोलावं तसा. मार्टीला हे सगळं अनोळखी. तिचा नवरा नुकताच गेलेला, त्यामुळे असल्या देवावर विश्वास ठेवायचं तिला काही कारणही नाही. पण ती ऐकत राहते. वाचताना तुम्हीही या न्याहाऱ्यांवर लक्ष ठेवा. क्लार्कच्या प्रार्थनेकडे मार्टी आधी कशी बघते आणि नंतर कशी ऐकते, यात तिचं क्लार्ककडे बघणंही बदलत जातं. पुस्तकाच्या नावातली ती हळुवारता या टेबलापाशी घडते. मुद्दाम रंगवलेल्या चांदण्या रात्रीत ती सापडत नाही. हा एक प्रसंग नीट वाचायला जमला की या प्रकारातलं कुठलंही पुस्तक वाचता येतं.

अडचण एकच. ओक यांची पात्रं जुन्या खेडवळ इंग्रजीत बोलतात आणि ते उच्चाराप्रमाणे तोडून-मोडून छापलेलं असतं. अशी वाक्यं मोठ्याने वाचली की बहुतेकांचा अर्थ आपोआप लागतो. नाहीच जमलं तर ऑडिओबुक घ्या आणि पुस्तक समोर ठेवून ऐका.

हसतखेळत काही हवं असेल तर कॅरेन विटमायर यांची 'अ टेलर-मेड ब्राइड' (२०१०) घ्या. टेक्सासच्या गावात नवं दुकान थाटणारी शिंपीण आणि 'नटणंमुरडणं म्हणजे अहंकार' असं मानणारा तबेलेवाला यांची ही जुगलबंदी. सुंदर कपडा शिवणं हे पाप की देणगी, हा त्यांच्यातला वाद वरवर विनोदी आहे, पण तो दोघांनाही खोलवर जाऊन भिडतो.

फुकट वाचायचं असेल तर ग्रेस लिव्हिंगस्टन हिल (१८६५ ते १९४७) यांची 'मार्शिया शुयलर' (१९०८) प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर आहे. १८३० च्या दशकातलं न्यूयॉर्क राज्य. मोठी बहीण लग्नाच्या तोंडावर दुसऱ्याबरोबर निघून जाते आणि सतरा वर्षांची धाकटी तिच्या जागी उभी राहते. भाषा जुन्या वळणाची आणि वाक्यं लांब आहेत, पण त्या काळातली पहिली आगगाडी बघायला माणसं कशी लोटली असतील ते वाचायला मजा येते.

चौथी पायरी: बायबलमधल्या चार गोष्टी आधी वाचून घ्या

ही पायरी कुणी सांगत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच. अख्खं बायबल वाचायची गरज नाही. मराठी बायबल घ्या आणि एका संध्याकाळी एवढं वाचा.

रूथचं पुस्तक अवघ्या चार अध्यायांचं आहे. परदेशी विधवा सून सासूला एकटं न सोडता तिच्या गावी येते, पोट भरायला शेतात सरवा वेचते आणि शेताचा मालक बवाज तिला सांभाळून घेतो. परक्या गावात आलेली विधवा आणि थोराड, भला जमीनदार ही जोडी कादंबरीत दिसली की लेखिकेच्या मनात रूथ आहे असं समजा. नंतर होशेयचे पहिले तीन अध्याय वाचा. संदेष्टा होशेय सोडून गेलेल्या बायकोला, गोमरला, किंमत मोजून परत आणतो. 'रिडीमिंग लव्ह' यावरच उभी आहे आणि तिच्या नायकाचं नावही मायकल होशेय आहे. तिसरी गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला. घर सोडून गेलेल्या, बापाशी वैर धरलेल्या, सगळं गमावून परतणाऱ्या नायकांच्या मागे हाच उभा असतो. आणि घरी राहिलेल्या थोरल्या भावाचा राग विसरू नका. कित्येक पुस्तकांत नायिका हीच तो थोरला भाऊ असते: आयुष्यभर नीट वागली, आणि आता देवाकडे हिशेब मागते आहे. चौथी योसेफाची, उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायापासून शेवटपर्यंत. भावांनीच विकलेला माणूस त्यांना क्षमा करतो, यावर सूड आणि विश्वासघाताच्या कादंबऱ्या बेतलेल्या असतात.

याखेरीज एक नियम ध्यानात ठेवा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल सांगतो, की विश्वास ठेवणाऱ्याने विश्वास न ठेवणाऱ्याबरोबर विजोड जोडी जमवू नये. नायिकेवर जिवापाड प्रेम असूनही नायक लग्नाचं का बोलत नाही, असा प्रश्न पडून नवे वाचक चिडतात. तो बोलत नाही याचं कारण पुष्कळदा हे असतं. आणि चांगल्या लेखिकेची परीक्षाही इथेच होते. केवळ लग्न जमावं म्हणून पात्राने शेवटच्या वीस पानांत घाईघाईने श्रद्धा स्वीकारली, तर पुस्तक कच्चं आहे. ती श्रद्धा त्याला समोरचं माणूस न मिळताही टिकेल असं वाटलं, तर पुस्तक पक्कं.

हे ओळखायची खूण सांगतो. साधारण तीन चतुर्थांश पुस्तक झालं की दोघं दुरावतात. भांडण, गैरसमज, जुनं पाप उघड होणं, काहीही होतं. इतर प्रेमकथांत यानंतर कुणीतरी धावत स्टेशनावर जातं. इथे त्याआधी दोघंही वेगवेगळे, एकटे देवासमोर बसतात. ते प्रकरण सावकाश वाचा. 'मी लायक नाही' ही नायिकेची जुनी समजूत बहुधा तिथे मोडते. देवाची कृपा कमवावी लागत नाही, हे तिला तिथे उमगतं. ती नंतर नायकाला होकार देते तो याच्या बळावर.

पाचवी पायरी: लहान गोष्टींवर नजर ठेवा

चुंबन पुस्तकाच्या शेवटी एकदा, फार तर दोनदा. त्यामुळे सगळा ताण छोट्या गोष्टींत साठवलेला असतो. 'मिस्टर' आणि 'मिस' लावून आडनावाने हाक मारणं चालू असतं आणि एका प्रकरणात अचानक पहिलं नाव उच्चारलं जातं. त्या काळी अशी हाक मारायची मुभा मिळणं ही मोठीच जवळीक होती. हातमोजा काढून दिलेला हात, गाडीतून उतरताना कमरेला दिलेला आधार, चर्चमध्ये एकाच स्तोत्राच्या पुस्तकातून गाणं, हे असले क्षण पटकन निसटतात. पहिली पन्नास पानं म्हणून शांत डोक्याच्या वेळी वाचावीत, प्रवासात धक्के खात नको.

सहावी पायरी: इतिहास डोळसपणे वाचा

ज्या १६० एकरांवर नायिका झोपडी बांधते, ती जमीन कुणाची तरी होती. तिथले मूळ रहिवासी अनेक कादंबऱ्यांत एक तर धोका म्हणून येतात, नाहीतर येतच नाहीत. दक्षिणेकडच्या मळ्यांवर घडणाऱ्या काही पुस्तकांत गुलाम हे प्रेमळ नोकरांसारखे रंगवलेले असतात. हे मला खुपतं आणि तुम्हालाही खुपावं. श्रद्धेबद्दल बोलणाऱ्या पुस्तकाने तर या जागी जास्तच प्रामाणिक असायला हवं. लिन ऑस्टिन यांची 'कँडल इन द डार्कनेस' (२००२) म्हणूनच मला मोलाची वाटते. यादवी युद्धातल्या रिचमंडमध्ये वाढलेली तिची नायिका गुलामगिरी आणि आपली श्रद्धा एकत्र नांदू शकत नाहीत हे ओळखते आणि त्याची किंमत मोजते. या कादंबरीला क्रिस्टी पुरस्कार मिळाला आहे. ख्रिस्ती कादंबऱ्यांना दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराचं नाव कॅथरीन मार्शल यांच्या 'क्रिस्टी' (१९६७) वरून आलं. १९१२ मध्ये अ‍ॅपलाचिया डोंगरातल्या गरीब वस्तीत शिकवायला गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीची ती गोष्ट, आणि तिला आधार आहे लेखिकेच्या आईच्या आयुष्याचा. त्यात प्रेमापेक्षा शाळा, दारिद्र्य आणि विषमज्वराची साथ यांना जागा जास्त आहे. पुरस्कारांच्या याद्या हा पुढची पुस्तकं शोधायचा बऱ्यापैकी भरवशाचा मार्ग आहे.

पुस्तक संपल्यावर शेवटची 'लेखकाची टीप' चुकवू नका. कुठली घटना खरी, कुठलं गाव कल्पित, कुठे तारखा मागेपुढे केल्या, हे बहुतेक लेखिका तिथे सांगतात. इतिहासात रस असेल तर ही टीप आधी वाचली तरी चालेल, मात्र तिच्यात कधीकधी शेवट फुटतो.

पुढची पुस्तकं निवडताना

या प्रकारात मालिका फार. एका घरातले तीन भाऊ, एका गावातल्या चार मैत्रिणी, आणि प्रत्येकाचं एक पुस्तक. क्रमाने वाचलेलं बरं, कारण दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर पहिल्यातलं जोडपं मुलाबाळांसह हजर असतं. लेखिका आपल्याला रुचते का हे आधी बघायचं असेल, तर मालिकेआधीची छोटी कादंबरिका मिळते का पाहा. कादंबरिकांचे संग्रहही निघतात, पण इतक्या थोड्या पानांत श्रद्धेचा धागा नीट विणला जाणं अवघड असतं. एवढ्यावरून लेखिकेची पारख करू नका. हार्लेक्विन प्रकाशनाची 'लव्ह इन्स्पायर्ड हिस्टॉरिकल' ही २००८ ते २०१८ या काळातली मालिका आटोपशीर पुस्तकांची होती आणि जुन्या पुस्तकांत ती अजून सापडते.

बहुतेक पुस्तकांच्या शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिलेले असतात. कुणाबरोबर जोडीने वाचत असाल तर त्यांतले देवाबद्दलचे प्रश्न टाळून फक्त प्रेमाबद्दलचे घेऊ नका. तुम्ही स्वतः ख्रिस्ती नसाल, किंवा कशावरच विश्वास नसेल, तरी 'या पात्राने इथे क्षमा करायला हवी होती का' यावर बोलता येतंच, आणि गप्पा रंगतात त्या तिथेच.